मधपेट्यांच्या ट्रेलरसाठी फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाचे सस्पेन्शन : निवड कशी करावी

हिवाळा सुरू झाला की वाराणसी, चंदौली, मिर्झापूर आणि गाझीपूर या जिल्ह्यांत मोहरीची शेते पिवळी होतात आणि त्यांच्या बांधांवर मेलिफेरा मधमाश्यांच्या पेट्या येऊन बसतात. मोहरीचा बहर ओसरताच याच पेट्यांना नवा फुलोरा शोधावा लागतो. काही मधपाळ त्या गाझीपूर, बलिया, छपरा या मार्गाने मुजफ्फरपूरच्या लिचीच्या बागांकडे नेतात. काही जण गंगेच्या दियारा जमिनीत, म्हणजे पूर ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळवंटात, लावलेल्या कलिंगड, खरबूज, काकडी आणि भोपळ्याच्या वेलांजवळ त्या ठेवतात. या वेलवर्गीय पिकांत नर आणि मादी फुले वेगळी असल्याने फळधारणा मधमाश्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वाराणसीजवळच्या शहंशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था असल्यामुळे या भागातील शेतकऱ्यांना परागीभवनाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. अडचण वाहतुकीची असते.

मोठे मधपाळ ट्रक भाड्याने घेतात. तीस-चाळीस पेट्यांच्या मधपाळाला पूर्ण ट्रक परवडत नाही आणि ट्रक वाळूत उतरतही नाही. त्यामुळे स्वतःचे चारही चाकांना ओढ देणारे वाहन आणि त्याच्या मागे दोनचाकी ट्रेलर, अशी जोडणी अनेक प्रगतिशील शेतकऱ्यांना सोयीची वाटते. महाराष्ट्रातही कांदा बीजोत्पादन, डाळिंब आणि सूर्यफुलासाठी पेट्या भाड्याने देणाऱ्यांना हाच पर्याय सुचतो. मग वाहनाचा मागचा भाग बसू लागतो, गॅरेजमध्ये सल्ला विचारला जातो आणि बहुधा एकच उत्तर मिळते: ‘दोन पाटे वाढवा.’ या उत्तराने काही वेळा काम होते, परंतु बऱ्याच वेळा वाहन कडक होते, ब्रेक बिघडतात आणि पेट्यांतील माश्या पूर्वीइतक्याच मरतात.

धक्क्याने मधमाश्या का मरतात

मेलिफेरा माशी भारतात १९६२ मध्ये नगरोटा बगवान येथे डॉ. ए. एस. अटवाल यांच्या प्रयत्नांनी यशस्वीपणे स्थिरावली. ही माशी स्थलांतर सहन करते, म्हणूनच व्यावसायिक मधपालन तिच्या आधारावर उभे राहिले. परंतु तिची पोळी मेणाची असतात, आणि वाहतुकीत मेणाचे गुणधर्मच निर्णायक ठरतात. पिलाव्याच्या भागाचे तापमान माश्या ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. मेण वितळण्यास ६० अंशांहून अधिक तापमान लागते, मात्र ४० अंश ओलांडताच ते मऊ पडू लागते आणि मधाच्या भाराखाली वाकते.

प्रवासात पेटीचे दार बंद असते. सतत कंप आणि धक्के बसल्याने माश्या चवताळतात, पोळ्यावरून सुटून जाळीकडे धावतात आणि त्यांच्या हालचालीने उष्णता वाढते. वायुवीजन अपुरे असल्यास मेण मऊ होते. अशा वेळी एक मोठा आदळा बसला तर चौकटीतील पोळे तुटून खाली बसते, मध सांडतो आणि माश्या त्यात बुडून मरतात. चौकटी सैल असतील तर त्या एकमेकींवर आपटतात आणि मध्ये सापडलेली राणीमाशी चेंगरते. राणी गेलेली वसाहत बहराच्या ऐन वेळी निकामी होते. तिचे नुकसान केवळ एका पेटीच्या किमतीत मोजता येत नाही. सातेरी माशी तर त्याहून संवेदनशील आहे. वारंवार त्रास झाल्यास ती पेटी सोडून निघून जाते, हे महाबळेश्वर परिसरातील मधपाळ चांगले जाणतात.

म्हणजे धोका दोन प्रकारचा असतो: सततचा कंप आणि अधूनमधून बसणारा मोठा आदळा. सस्पेन्शनची निवड या दोहोंना डोळ्यांसमोर ठेवून व्हावयास हवी. ‘गाडी बसू नये’ एवढाच हेतू ठेवल्यास निवड चुकते.

पेट्या कोणत्या स्प्रिंगवर बसल्या आहेत?

हा प्रश्न साधा वाटतो, पण खर्चाची दिशा त्यानेच ठरते. पेट्या ट्रेलरमध्ये असतील तर त्यांना बसणारे धक्के ट्रेलरच्या चाकांवरून आणि ट्रेलरच्या पाट्यांमधून येतात. ओढणाऱ्या वाहनाच्या स्प्रिंगवर ट्रेलरच्या दांडीचा भार तेवढा पडतो. वाहनाला महागडे शॉकॲब्सॉर्बर बसवून पेट्या मात्र बिनपाट्याच्या किंवा दगडासारख्या कडक ट्रेलरमध्ये ठेवणे म्हणजे स्वतः टांग्यात बसून माल एक्क्यावर लादण्यासारखे आहे. (बनारसच्या जुन्या एक्क्याला स्प्रिंग नसे, टांग्याला असे, दोहोंत बसलेल्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नसे.)

ट्रेलरचा पाटा योग्य आहे की नाही, हे मोजपट्टीने ठरवता येते. ट्रेलरची चासी जॅकने उचलून पाटे पूर्ण मोकळे करावेत आणि चासी व ॲक्सल यांमधील अंतर मोजावे. नंतर पेट्या भरून तेच अंतर पुन्हा मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे पाटा किती सेंटिमीटर दबला. या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याने ५ ला भागले असता, दर सेकंदाला चासी किती हेलकावे घेईल, याचा बऱ्यापैकी अचूक अंदाज मिळतो. पाटा ४ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला अडीच हेलकावे, ९ सेंटिमीटर दबत असेल तर सुमारे पावणेदोन. हा आकडा जितका कमी, तितका रस्त्याचा बारीक खडबडाट चासीपर्यंत कमी पोहोचतो.

गावठी ट्रेलरमध्ये नेमके उलटे आढळते. बनवणारा कारागीर ‘पुढेमागे दोन टन भरले तरी चालेल’ म्हणून जाड पाटे घालतो. मेलिफेराची दहा चौकटींची भरलेली पेटी ३० किलोच्या आसपास धरली, तर तीस पेट्यांचे वजन ९०० किलो होते. दोन टनांसाठी बसवलेला पाटा या वजनाखाली जेमतेम दबतो. शिवाय अनेक पानांच्या पाट्यात पानापानांतील कोरडे घर्षण इतके असते की लहान धक्क्याला पाटा हलतच नाही. तो धक्का सरळ वर जातो. म्हणून मधपेट्यांच्या ट्रेलरसाठी कमी पानांचा, लांब पाटा अधिक चांगला आणि त्याच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर आवश्यक. घर्षण कमी झाले की हेलकावा शमवण्यासाठी दुसरे काही उरत नाही. शॉकॲब्सॉर्बर न बसवता केवळ पाने काढून टाकल्यास ट्रेलर स्पीड ब्रेकरनंतर बराच वेळ नाचत राहतो.

ज्यांना एकाच ठिकाणी पैसे घालणे शक्य आहे त्यांनी ते आधी ट्रेलरमध्ये घालावेत. ट्रेलर सुधारल्यानंतरच वाहनाच्या सस्पेन्शनचा विचार करावा.

दांडीचा भार : बैलगाडीतील जुने ज्ञान

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसाला मागे जास्त भार झाला की गाडी उलाळ होते, हे ठाऊक असे. जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेला ओढ बसते आणि चढावर गाडी धोक्याची होते. म्हणून तो थोडा भार पुढे ठेवी. फार पुढे गेला तर बैलांची मान दबते, याचेही भान राखी. मोटारीच्या ट्रेलरचे शास्त्र यापेक्षा वेगळे नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार दांडीतून वाहनाच्या हुकावर पडावा. तो फार कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. हे डोलणे एकदा वाढले की वाहनालाही ओढून नेते. जाड पाटे किंवा उत्तम शॉकॲब्सॉर्बर यांपैकी कशानेही ते थांबत नाही. त्याचे कारण भरण्यात असते.

चालकाने अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि जोराचा ब्रेक टाळावा. वेग वाढवून डोलणे थांबवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो जीवघेणा आहे.

हुकावरचा भार वाहनावर कसा पसरतो, हे उदाहरणाने पाहू. ट्रेलरसह पेट्यांचे वजन १२०० किलो आहे. दांडीचा भार १२० किलो. वाहनाच्या पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये ३.१ मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. हूक ॲक्सलच्या मागे असल्याने तेथे तरफ तयार होते. परिणामी मागच्या ॲक्सलवर १२० नव्हे तर सुमारे १६६ किलो भार वाढतो आणि पुढच्या ॲक्सलवरून ४६ किलो भार कमी होतो. हौद्यात साखरपाक, धूम्रक, मधयंत्र, तंबू आणि पाणी मिळून आणखी २५० किलो मागच्या ॲक्सलवर आले, तर मागची एकूण वाढ ४१६ किलो होते.

पुढचे ४६ किलो कमी झाल्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, ब्रेकची पकड घटते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मधपेट्या रात्रीच न्याव्या लागतात, त्यामुळे ही शेवटची गोष्ट किरकोळ नाही. वाळूतून पीप्यांच्या पुलाच्या चढावर जाताना तर चार चाकांची ओढ असूनही पुढची चाके घसरतात, कारण त्यांच्यावर वजनच उरलेले नसते.

वजनकाट्यावर अर्धा तास

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी वाहन आणि ट्रेलर प्रवासाला निघतानाच्या स्थितीत भरून वजनकाट्यावर न्यावेत. वाराणसी परिसरात याला धर्मकाँटा म्हणतात. ट्रेलर सोडून प्रथम वाहनाची केवळ पुढची चाके काट्यावर घ्यावीत, नंतर संपूर्ण वाहन. मग ट्रेलर जोडून, त्याची चाके काट्याबाहेर ठेवून, हीच दोन वजने पुन्हा घ्यावीत. ट्रेलर जोडल्यावर वाहनाच्या एकूण वजनात झालेली वाढ म्हणजे दांडीचा भार. एकूण वजनातून पुढच्या चाकांचे वजन वजा केले की मागच्या ॲक्सलचा भार मिळतो. शेवटी फक्त ट्रेलरची चाके काट्यावर घ्यावीत. काट्याचा रस्ता सपाट असावा, नाहीतर आकडे चुकतात.

याच वेळी, ट्रेलर सोडून व जोडून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. या आठ मापांवरून आणि वजनांवरून गॅरेजवाल्याशी नेमके बोलता येते. विस्तार कार्यकर्त्यांनी मधपाळ गटांसाठी असा वजनाचा एक कार्यक्रम हंगामापूर्वी घेतल्यास फार उपयोग होईल.

आता हे आकडे वाहनाच्या पुस्तिकेतील मर्यादांशी ताडून पाहावेत: एकूण अनुज्ञेय वजन, मागच्या ॲक्सलची मर्यादा आणि ओढण्याची मर्यादा. ओढण्याची मर्यादा पुस्तिकेत नसेल तर अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्यावी. येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. पाटे वाढवल्याने वाहन बसत नाही, परंतु त्याची भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, चासी, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात. नोंदणी प्रमाणपत्रातील वजनही तेच राहते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिल्यास कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडतो, तो प्रश्न वेगळाच.

वजन मर्यादेबाहेर असेल तर उपाय एकच: दोन खेपा कराव्यात.

पाटे किती वाढवावेत

वजन मर्यादेत आहे आणि तरीही वाहन मागे बसते, असे दिसल्यास स्प्रिंगचा विचार करावा. वरील उदाहरणात ४१६ किलोंनी मागचा भाग ६ सेंटिमीटर बसला, असे समजू. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाट्यांची मिळून ताकद सेंटिमीटरला सुमारे ६९ किलो. बसणे ४ सेंटिमीटरवर आणायचे असेल तर ती १०४ किलो हवी. वाढ ५० टक्के. मागच्या स्प्रिंगवर रिकाम्या वाहनाचे ६०० किलो वजन असेल तर मूळ पाटे त्याखाली ८.७ सेंटिमीटर दबतात आणि हेलकावे सेकंदाला १.७ होतात. नव्या पाट्यांवर ते ५.८ सेंटिमीटर दबतील आणि हेलकावे २.१ होतील. रिकामे वाहन थोडे कडक वाटेल, पण चालेल. त्याऐवजी ताकद दुप्पट केली तर रिकाम्या वाहनाचे हेलकावे २.४ वर जातात; खडबडीत रस्त्यावर मागची चाके जमीन सोडू लागतात आणि वळणावर वाहन बाजूला उडी घेते. वर्षातील तीनशे दिवस वाहन रिकामे किंवा अर्धे भरलेले धावणार असेल, तर त्या दिवसांचाही विचार केला पाहिजे.

पाट्याची ताकद पानांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाच सारख्या पानांत सहावे घातले तर ताकद ढोबळमानाने २० टक्के वाढेल. तीच पाने ८ ऐवजी १० मिलिमीटर जाडीची घेतली तर ती जवळजवळ दुप्पट होईल. गॅरेजमध्ये ‘थोडे जाड’ पान सुचवले जाते तेव्हा हा हिशेब कोणी करत नाही, आणि दोन मिलिमीटरमध्ये वाहनाचा स्वभाव पालटून जातो. लांबीचा परिणाम याच्या उलट दिशेने तितकाच तीव्र आहे. पाटा आखूड केला की तो झपाट्याने कडक होतो.

मधपाळाच्या गरजेला सर्वांत योग्य ठरतो तो हेल्पर पाटा. मुख्य पाट्याच्या जोडीला असलेले हे सरळ, जाड पान रिकाम्या वाहनात मोकळे राहते आणि ठरावीक भार आल्यावरच काम करू लागते. अनेक पिकअपना तो मुळातच असतो; नवीन पाने घालण्यापूर्वी तो कोणत्या उंचीवर टेकतो, हे पाहून तेवढीच दुरुस्ती केली तरी पुष्कळदा भागते. वीस-पंचवीस वर्षे जुन्या वाहनात तर पाटे थकलेले असतात, शॅकलचे बुश झिजलेले असतात. त्यांच्या जागी मूळ मापाचे नवे भाग बसवल्यावर सुधारणेची गरजच राहत नाही.

मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या वाहनांत, उदाहरणार्थ नव्या थार किंवा जिमनीत, गोष्ट निराळी आहे. तेथे हेल्पर पान घालता येत नाही. कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी हा पर्याय उपलब्ध असतो: ट्रेलर जोडताना हवा भरावी, सोडल्यावर किमान दाब ठेवून बाकीची काढावी. पाट्यांच्या वाहनातही ॲक्सल आणि चासीच्या मध्ये हवेच्या पिशव्या बसवल्या जातात, परंतु त्याबाबत सावध राहावे. पाटा आपला भार चासीला दोन टोकांवर देतो. पिशवी तोच भार मधल्या एका बिंदूवर देते. हुकावर भार, हौदा भरलेला आणि रस्ता खड्ड्यांचा असेल तर त्या बिंदूशी चासी वाकल्याची किंवा तडकल्याची उदाहरणे लांब हौद्याच्या पिकअपमध्ये जगभर आढळली आहेत. शिवाय बाभळीच्या काट्यांच्या आणि तुटलेल्या खुंटांच्या प्रदेशात रबरी पिशवीवर भिस्त ठेवणे फारसे शहाणपणाचे नाही. ज्या वाहनाचा आकारच लहान आहे, त्याला मुळात हलकाच ट्रेलर जोडावा.

पुढच्या बाजूला विंच किंवा लोखंडी गार्ड कायमचे बसवलेले नसेल तर पुढच्या स्प्रिंग बदलू नयेत. ट्रेलर पुढचा भार कमी करतो, वाढवत नाही. ‘संच म्हणून घ्या’ या आग्रहाला बळी पडण्याचे कारण नाही.

शॉकॲब्सॉर्बर

स्प्रिंग भार पेलते, शॉकॲब्सॉर्बर भार पेलत नाही. गॅरेजच्या बोलीतील ‘शॉकअप’ जाड घातले की गाडी वर राहील, हा समज चुकीचा आहे. त्याचे काम साठलेली ऊर्जा तेलात घालवणे हे आहे. स्प्रिंग जितकी कडक, तितक्या जोराने ती परत उसळते. म्हणून पाटे वाढवल्यानंतर परतीच्या धावेत अधिक रोध देणारे शॉकॲब्सॉर्बर लागतात. पाटे वाढवून जुने शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

लांब खडबडीत रस्त्यावर शॉकॲब्सॉर्बरचे तेल तापते, त्यात फेस होतो आणि रोध कमी होतो. एकाच नळीचे, वायूच्या दाबाचे शॉकॲब्सॉर्बर उष्णता लवकर बाहेर टाकतात. पण त्यांच्या नळीला दगडाचा मार लागून पोचा पडला तर ते अडकतात. दोन नळ्यांचे स्वस्त, दणकट आणि ग्रामीण वापरास पुरेसे असतात. दहा-बारा किलोमीटर खराब रस्त्यानंतर थांबून चारही शॉकॲब्सॉर्बरजवळ सावधपणे हात न्यावा. तीन गरम आणि एक थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही.

उंची वाढवण्याचा मोह आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह

सुधारित सस्पेन्शनचे संच बहुधा वाहनाची उंचीही वाढवतात. ओढकामासाठी ती वाढ उपयोगाची नाही. गुरुत्वमध्य वर जातो, हूक वर जातो, ट्रेलरचे नाक उंचावते आणि भार मागे सरकून गाडी उलाळ होते. जोडलेला ट्रेलर सपाट जमिनीवर आडव्या रेषेत उभा राहावा. त्यासाठी हुकाची उंची जुळवून घ्यावी.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची कांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. वाहन बसले की भार आला असे समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. वाहन वर असेल तर ते रिकामे आहे असे समजून दाब कमी करतो. पाटे वाढवल्यावर भरलेले वाहनही बसत नाही. व्हॉल्व्ह त्याला रिकामेच समजतो, आणि मागे बाराशे किलोंचा ट्रेलर असताना मागचे ब्रेक अर्ध्या ताकदीने लागतात. ही गोष्ट पहिल्या तातडीच्या ब्रेकपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. पाट्यांचे काम झाल्यावर या व्हॉल्व्हची कांडी नव्या उंचीनुसार जुळवून घेणे आणि ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबत असताना ताणल्या जात नाहीत हे पाहणे, ही दोन कामे कारागिराकडून समोर उभे राहून करून घ्यावीत. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर उत्तमच.

टायर, वेग आणि पेट्यांची मांडणी

रस्त्याचा धक्का सर्वप्रथम टायरवर येतो. दियाराच्या वाळूत हवा कमी केल्याने चाके रुतत नाहीत. पण पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी, अन्यथा भरलेल्या ट्रेलरखाली टायर तापून फुटतो. हवा भरण्याचा छोटा पंप जवळ असणे हा सुधारित सस्पेन्शनपेक्षा कितीतरी स्वस्त आणि तितकाच उपयुक्त खर्च आहे. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास ठेवावा. गावाबाहेरचे स्पीड ब्रेकर रात्री दिसत नाहीत, आणि पोळी तुटतात ती बहुधा तेथेच.

पेट्या ठेवताना चौकटी प्रवासाच्या दिशेला समांतर ठेवाव्यात. दोनचाकी ट्रेलर मागे-पुढे झुलतो आणि ब्रेकचे हिसकेही त्याच दिशेने बसतात. चौकटी आडव्या असतील तर प्रत्येक हिसक्याला त्या एकमेकींवर आपटतात. मधाने भरलेली पोळी आधीच काढून मध काढून घ्यावा, कारण नव्याने बांधलेले, भरलेले पोळे सर्वांत आधी तुटते. चौकटी खिळ्याने किंवा पट्टीने पक्क्या कराव्यात, वरून जाळी द्यावी, दारे अंधार पडल्यावर बंद करावीत आणि उजाडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. जड पेट्या ॲक्सलच्या वर व किंचित पुढे, हलक्या मागे.

सस्पेन्शन बदलल्याचा परिणाम तपासण्यासाठी चालकाला काय वाटते, हे पुरेसे नाही. मुक्कामी दारे उघडून माश्या शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, प्रत्येक पेटीचा तळपाट पाहावा. त्यावर पडलेला मेणाचा चुरा, मध आणि मेलेल्या माश्या ट्रेलरमधील जागेनुसार नोंदवाव्यात: पुढची रांग, मधली, मागची. मागच्या रांगेतच चुरा जास्त असेल तर ट्रेलर झुलतो आहे. दांडीचा भार आणि शॉकॲब्सॉर्बर पाहावेत. सर्व रांगांत सारखा बारीक चुरा असेल तर पाटे कडक आहेत किंवा टायरमध्ये हवा जास्त आहे. एका बाजूच्या पेट्यांतच असेल तर त्या बाजूचा पाटा किंवा बुश तुटलेला असण्याची शक्यता अधिक. नवे पाटे बसवल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये पाने बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. मोहरीकडून लिचीकडे निघण्यापूर्वी ते एकदा पुन्हा आवळून घ्यावेत आणि वाहनाची ती आठ मापे नव्याने लिहावीत.